कपडे त्यांचे, काळजी आपली

आईबाबांनो,

घरात मुलाच्या किंवा मुलीच्या पहिल्या मुलाखतीची तारीख कळली की दोन तयाऱ्या एकदम सुरू होतात. मुलं जुन्या वह्या काढतात, प्रोजेक्टचा अहवाल चाळतात, मित्रांना फोन लावून रात्री उशिरापर्यंत एकमेकांना प्रश्न विचारतात. आपली तयारी मात्र एकाच प्रश्नापाशी घुटमळते: "घालणार काय?" निळा शर्ट की पांढरा? टाय हवाच का? पंजाबी ड्रेस चालेल का, की साडीच बरी? साडीत फार पोक्त दिसेल का? ताईच्या लग्नात शिवलेला सूट अंगाला होतोय का, बघ जरा! यावरून घराघरांत इतकी वादावादी होते की बाहेरच्याला वाटावं, मुलाखत कपड्यांचीच आहे.

असं का होतं, ते बघू या. तिथे मुलाला डेटाबेसवर प्रश्न येणार असतो, कर्जाच्या थकबाकीवर येणार असतो, पाचवीच्या वर्गाला अपूर्णांक कसे शिकवाल असा येणार असतो. त्यात आपल्यापैकी बहुतेकांना काही मदत करता येत नाही. पगाराचं बोलणं कसं करायचं, हेही आपल्या काळासारखं राहिलेलं नाही. कपडे मात्र आपल्याला कळतात. झबल्यापासून आपणच घातलेत ते त्याला! सगळ्या काळजीत आपल्या हाती लागण्यासारखी हीच एक गोष्ट उरते आणि सगळा भार त्या बिचाऱ्या शर्टावर येऊन पडतो. मूल मुलाखतीला निघतं ते आपली काळजी अंगात घालूनच.

मुलांकडून मुलाखतीची तयारी करून घेण्याचं काम मी करते. समोर बसलेला मुलगा सारखी कॉलर ओढत असतो, मुलगी दर वाक्याला ओढणी सावरत असते, कुणी बुटातल्या बुटात पाय चोळत असतो. विचारलं की बरेचदा एकच उत्तर येतं, "घरच्यांनी घ्यायला लावलं." मुलाचं लक्ष प्रश्नात असायला हवं ते कॉलरीत अडकलेलं असतं. म्हणून माझं आजचं म्हणणं सोपं आहे. मुलाखतीला काय घालायचं, हा निर्णय मुलांना घेऊ द्या. त्या निर्णयाला लागणारी माहिती, पैसे, सुई-दोरा आणि खरं सांगणारी नजर, एवढं आपल्याकडून जाऊ द्या.

यावर काही पालक मला दुसऱ्या टोकाचं ऐकवतात. "मॅडम, कपड्यांत काय आहे? हुशारी बघतील की! आम्ही तर चपला घालून मुलाखतीला गेलो होतो." गेलाही असाल आणि निवडही झाली असेल. पण समोरचा माणूस कपडे वाचतो, हे नाकारून चालत नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना अनोळखी माणसांचे फोटो दाखवले. चेहरा तोच, पण गळ्याखालचे कपडे कधी जरा बऱ्या परिस्थितीतल्या माणसाचे, कधी साधे. हा माणूस किती सक्षम वाटतो, असं विचारल्यावर त्याच चेहऱ्याला बऱ्या कपड्यांत वरचे गुण मिळाले. फोटो सेकंदाच्या जेमतेम आठव्या हिश्श्याइतका दिसला, तरीही तेच. कपड्यांकडे लक्ष देऊ नका, असं बजावून झालं, तरीही तेच. हे न्यायाचं नाही, पण घडतं.

आपल्याकडे ही गोष्ट सांगायला प्रयोगशाळा लागली नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे जमलेल्या स्त्रियांशी मुद्दाम लुगड्यांबद्दल आणि दागिन्यांबद्दल बोलले होते. नेसण्याच्या ज्या पद्धतीवरून आणि अंगावरच्या ज्या खुणांवरून लोक तुमची जात ओळखतात त्या सोडा, लुगडं पायघोळ नेसा, कपडा फाटका असला तरी चालेल पण स्वच्छ असू द्या, असा त्याचा आशय होता. कपड्यांवरून माणूस तोलला जातो हे त्यांनी ओळखलं होतं, आणि म्हणून तो तराजू समोरच्याच्या हातून काढून घ्यायला सांगितलं होतं. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी कार्यालयात नोकरीला निघालंय, त्या घराने मुलाखतीच्या कपड्यांवर चार पैसे खर्च केले तर त्याला मी चैन म्हणणार नाही.

मग कपड्यांकडून मागायचं काय? एवढंच, की पहिल्या मिनिटानंतर खोलीतल्या कुणालाच त्यांची आठवण राहू नये. विचारणाऱ्यालाही नाही आणि उत्तर देणाऱ्यालाही नाही. हे साधायला मुलांना तीन प्रश्न विचारावेत. फक्त विचारावेत, उत्तरं त्यांची त्यांना शोधू द्यावीत.

पहिला प्रश्न: तिथे काम करणारी माणसं रोज काय घालतात?

हा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवते, कारण "मुलाखतीचे कपडे" असा एकच गणवेश जगात नाही. जिथे जायचंय तिथल्या रोजच्या पेहरावाच्या एक पायरी वर राहायचं, दोन पायऱ्या नाही. तिथली मंडळी साधा शर्ट-पँट घालत असतील तर आपण इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पँट आणि पॉलिश केलेले बूट घालावेत. तिथे टी-शर्ट चालत असेल तर आपण कॉलरचा शर्ट घालावा. ही माहिती काढणं अवघड नसतं. कंपनीच्या संकेतस्थळावर कर्मचाऱ्यांचे फोटो असतात, गेल्या वर्षी लागलेले सीनियर असतात, आणि काहीच नाही तर कार्यालय सुटायच्या वेळी फाटकाबाहेर दहा मिनिटं उभं राहिलं तरी पुरतं.

आयटीचं बघा. आपल्या डोक्यात अजून टाय लावलेला इंजिनिअर असतो. इन्फोसिसने रोजच्या फॉर्मल कपड्यांची सक्ती २०१५ सालीच काढली. अगदी गोल्डमन सॅक्ससारख्या सुटाबुटातल्या बँकेनेही २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी पेहरावाचे नियम सैल केले. पण म्हणून कॅम्पस मुलाखतीला टी-शर्ट घालून जाता येत नाही, कारण तिथे कॉलेजच्या प्लेसमेंट सेलची सूचना लागू असते. त्या सूचनेत 'बिझनेस फॉर्मल' असं लिहिलं असेल तर मुलाने पूर्ण बाह्यांचा फिका शर्ट, गडद पँट, चामड्याचे बूट, सांगितलं असेल तर टाय, आणि मुलीने शर्ट-पँट, साधा कुर्ता-चुडीदार किंवा साडी, असा त्याचा साधारण अर्थ. काही कॉलेजांचा स्वतःचा ब्लेझर असतो. तेव्हा आपण खरेदीला निघण्याआधी सूचना मुलाने वाचलीय का, हे विचारा. माझा अनुभव असा की निम्मी भांडणं ती सूचना न वाचता होतात.

बँकेत आणि सरकारी परीक्षांच्या मुलाखतीत साधेपणा आणि नेटकेपणा चालतो, भपका चालत नाही. इथे पालकांची भीती फार मोठी असते, म्हणून आकडे सांगते. बँक अधिकारी भरतीच्या, म्हणजे आयबीपीएसच्या पीओ परीक्षेत मुलाखत १०० गुणांची असते आणि शेवटच्या यादीत मुख्य परीक्षेला ८० टक्के, मुलाखतीला २० टक्के वजन मिळतं. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी मुलाखतीचे २७५. दिल्लीत शाहजहान रोडवरच्या धोलपूर हाउसमध्ये बसणाऱ्या मंडळाकडे त्यातले इतके गुण कोटाला आणि इतके बुटांना, असा कुठलाही रकाना नसतो. बघितलं जातं ते बोलणं, समज, समतोल. कपड्यांनी तिथे एकच करायचं, आड यायचं नाही. आणि हेही लक्षात असू द्या की केंद्र सरकारच्या गट 'क' आणि गट 'ब' अराजपत्रित पदांसाठी १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतच बंद झाली आहे. अशा भरतीसाठी ब्लेझर शिवून ठेवला असेल तर तो लग्नाकार्यालाच उपयोगी पडेल.

कारखान्यातल्या जागेचा विचार वेगळा. चाकण, वाळूज, सातपूरकडे डिप्लोमा किंवा आयटीआयची मुलं जातात तेव्हा मुलाखतीनंतर कधीकधी थेट शॉपफ्लोअर दाखवायला नेतात. तिथे लोंबणारी ओढणी, उंच टाचा, सैल बाही यांचा यंत्राजवळ धोका असतो आणि तिथल्या सुपरवायझरच्या नजरेला तो आधी दिसतो. घट्ट बसणारे, पाय पूर्ण झाकणारे बूट आणि आटोपशीर कपडे घातलेला उमेदवार 'याला कामाची जागा कळते' असं न बोलता सांगून जातो. हॉटेल व्यवस्थापनात उलट प्रकार. तिथे नखं, केस, दाढी, बुटांची चकाकी हा कामाचाच भाग असल्यामुळे ते बारकाईने बघतात. शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी पाठ घ्यायला लावतात. फळ्यावर वरपर्यंत हात गेला की कपडे कसे राहतात, हे घरीच बघून ठेवावं. आणि जाहिरातसंस्था किंवा डिझाइन स्टुडिओत तुमच्या मुलीने खणाच्या कापडाचं जॅकेट घालायचं ठरवलं असेल तर घाबरू नका. तिथे आवडीनिवडीची चुणूक दिसलेली त्यांना हवी असते.

दुसरा प्रश्न: हे सगळं घालून तू बसून, चालून, जिना चढून बघितलंस का?

आरशासमोर उभं राहून कपडे निवडतात आणि मुलाखत होते बसून. उभं असताना छान दिसणारा शर्ट बसल्यावर पोटाशी दोन बटणांच्या मध्ये उघडतो. पँट वर सरकते आणि आखूड मोज्यांच्या वर पोटरी दिसते. कुर्त्याची चीर नको तितकी फाकते. म्हणून मुलाखतीच्या तीन-चार दिवस आधी पूर्ण पेहराव करून, बूट-मोज्यांसकट, टणक खुर्चीवर अर्धा तास बसवा. त्याच वेळी घरातल्या कुणीतरी चार प्रश्नही विचारावेत. ही रंगीत तालीम म्हणजे पालकांच्या नजरेचं खरं काम. मुलाला स्वतःची पाठ दिसत नाही, आपल्याला दिसते.

बघायचं काय? शर्टाची खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर संपते का, की दंडावर उतरलीय? कॉलरचं बटण लावल्यावर आत एक-दोन बोटं जातात का? बाही मनगटापर्यंत येते का? पँटचा घोळ बुटावर टेकतो की टाचेखाली येऊन जमीन झाडतो? यातलं जे बिघडलं असेल ते कोपऱ्यावरचा टेलर थोडक्या पैशांत आणि दोन दिवसांत करून देतो. महागातला पण ढगळ शर्ट आणि स्वस्तातला पण अंगाबरोबर बसणारा शर्ट यांत दुसराच उजवा दिसतो. तयार कपडे घेतले असतील तर एकदा धुऊन, इस्त्री करून वापरा, म्हणजे कांजीचा कडकपणा आणि पुड्यातल्या घड्या जातात. नव्या ब्लेझरच्या पाठीमागच्या चिरेला फुलीसारखा एक टाका घातलेला असतो आणि बाहीवर कंपनीचं लेबल टाचलेलं असतं. दोन्ही काढायचीच असतात. किती तरी मुलं ती मिरवत मुलाखतीला जातात, कारण घरात आधी कुणी ब्लेझर घातलेलाच नसतो. हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं असतं, इतकंच.

बूट मात्र आयत्या वेळी नवे घालू देऊ नका. नवा बूट चावतो आणि लंगडत खोलीत शिरलेल्या उमेदवाराला हसू आणणं जड जातं. आठवडाभर घरात, गच्चीवर, दुकानापर्यंत वापरून मऊ झालेला बूट बरा. जुनेच असतील तर पॉलिश करा, तळव्याची निघालेली कड चांभाराकडून शिवून घ्या. वास हाही पेहरावाचा भाग समजा. छोट्याशा वातानुकूलित खोलीत अत्तराचा किंवा डिओचा भपकारा समोरच्याला सोसत नाही. स्वच्छ अंघोळ आणि धुतलेले कपडे पुरतात.

मुलींच्या बाबतीत आपली काळजी जरा जास्तच बोलकी होते. एका घरात "शर्ट-पँट घालून फार पुढारलेली वाटशील" म्हणतात, तर दुसऱ्या घरात "साडी नेसलीस तर मागासलेली वाटशील" म्हणतात. दोन्हीकडे मुलीला काय जमतं, हे कुणी विचारत नाही. ती ज्यात रोज वावरते त्यातलंच जरा नेटकं रूप निवडावं. वर्षातून एकदा सारी डेला साडी नेसणाऱ्या मुलीने मुलाखतीला साडीचा हट्ट धरू नये, आणि आपणही तिच्यापाशी धरू नये. तिलाच नेसायची असेल तर साधी, मिश्र धाग्याची, न फुगणारी साडी घ्यावी, पदर खांद्याशी पिनेने पक्का करावा, निऱ्यांना आतून पिन लावावी आणि जिना चढून-उतरून बघावा. लग्न झालेल्या मुलीने किंवा सुनेने मंगळसूत्र, बांगड्या, टिकली यांतलं काय घालायचं आणि काय नाही, हेही तिलाच ठरवू द्या. दारातून निघताना "ते तेवढं घाल गं" असं सासूबाईंनी म्हटलं की ते तिच्याबरोबर थेट मुलाखतीच्या खोलीपर्यंत जातं.

मुलांच्या बाबतीत भांडण दाढीवरून, केसांवरून आणि कानातल्या बाळीवरून होतं. इथेही पहिलाच प्रश्न कामाला येतो: तिथे काय चालतं? दाढी असेल तर कातरून नीट केलेली असावी, अर्धवट वाढलेली नको. आणि बाळी काढायची की नाही, यावर आपण रागावण्यापेक्षा "ती जागा तुला हवीय का, आणि हवी असेल तर कितपत हवीय?" असं विचारलं तर मुलं बरोबर विचार करतात. आपल्या श्रद्धेचा भाग म्हणून जे अंगावर असतं, कुणाची पगडी, कुणाचा हिजाब, कुणाची तुळशीची माळ, त्याला मात्र हा प्रश्न लावायचा नसतो.

आणखी एक घरगुती अडचण. "गुरुवार आहे, पिवळं घाल", "या ग्रहाला काळं नको", "हा दोरा मनगटाला बांध". तुमची श्रद्धा असेल तर असू द्या, पण ती मुलाच्या शर्टावर दिसलीच पाहिजे असं नाही. पिवळा रुमाल खिशात बसतो. दोरा बाहीच्या आत राहतो. मुलाला त्याने धीर येत असेल तर छान. त्याला तो नको असेल तर तुम्ही स्वतः पिवळं नेसा आणि देवापुढे बसा. देवाला दोन्ही चालतं, असा माझा तरी समज आहे.

तिसरा प्रश्न: ऐन वेळी काही झालं तर दुसरं काय आहे?

आपल्याकडे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलाखती जुलै-ऑगस्टच्या सुमारास सुरू होतात. म्हणजे भर पावसात. कपडे वाळत नाहीत, बूट आतून ओले राहतात, रिक्षाने शिंतोडे उडवले की पोटरीपर्यंत चिखल. मुंबईत डोंबिवलीहून किंवा विरारहून लोकलने येणाऱ्या मुलाच्या परीटघडीची दादरपर्यंत काय अवस्था होते, हे सांगायला नको. म्हणून इस्त्रीचा शर्ट घडी करून पिशवीत घालून न्यावा आणि तिथे पोचल्यावर बदलावा. चपलेत जावं, बूट प्लास्टिकच्या पिशवीत न्यावेत. मोज्यांचा एक जादा जोड, एक रुमाल, दोन सेफ्टी पिना आणि शर्टाला जुळणारा धागा ओवलेली सुई बरोबर असावी. गडद पँटवर चिखल कमी दिसतो. सुती-पॉलिएस्टर मिश्र कापड निव्वळ सुतीपेक्षा लवकर वाळतं आणि कमी चुरगळतं. विदर्भातलं घर असेल आणि मुलाखत एप्रिल-मे मध्ये असेल तर हिशेब उलटा. तिथे ब्लेझर अंगात घालून उन्हातून जाण्यात अर्थ नाही. तो हातावर न्यावा, दाराशी घालावा.

पैशांचं म्हणाल, तर एक फिका शर्ट, एक गडद पँट, एक पट्टा आणि एक जोड बूट एवढ्यात पूर्ण हंगाम निघतो. आज एका कंपनीत घातलेला शर्ट उद्या दुसऱ्या कंपनीत घातला तर कुणाला कळणार आहे? इचलकरंजीच्या मागांवरचं साधं सुती कापड घेऊन गावातल्या टेलरकडून बेतून शिवलेला शर्ट मॉलमधल्या शर्टापुढे कुठेही कमी पडत नाही. चुलतभावाचा ब्लेझर मागून आणण्यातही कमीपणा नाही, पण खांद्यात बसत असेल तरच. बसत नसेल तर ब्लेझरशिवाय गेलेलं बरं. आणि खरेदी केलीच तर त्या पावतीचा उल्लेख निकालापर्यंत घरात होऊ देऊ नका. "एवढ्याचे बूट घेऊन दिले" हे वाक्य मुलाच्या पायात खड्यासारखं टोचत राहतं.

हल्ली पहिली फेरी बऱ्याचदा घरूनच, कॅमेऱ्यापुढे होते. तिथे तीनही प्रश्नांची उत्तरं थोडी बदलतात. बारीक रेघांचा किंवा बारीक चौकटींचा शर्ट पडद्यावर लहरींसारखा थरथरताना दिसतो, म्हणून एका रंगाचा, मध्यम छटेचा घ्यावा. फार पांढऱ्या शर्टाने कॅमेरा गोंधळतो आणि चेहरा काळवंडतो. मागच्या भिंतीच्या रंगाचा शर्ट घातला तर नुसतं मुंडकं तरंगताना दिसतं! वर शर्ट आणि खाली बर्मुडा ही युक्ती मुलांना फार आवडते, पण चार्जर निघाला किंवा दार लावायला उठावं लागलं की सगळ्यांनाच दर्शन घडतं. उजेड समोरून यावा. यात आपलं काम वेगळंच असतं. तेवढा तास कुकर लावायचा नाही, मागून टॉवेल घेऊन जायचं नाही आणि दाराआडून उत्तरं ऐकायची नाहीत.

आता खरा अवघड भाग. मुलाने निवडलेलं आपल्याला पटलं नाही तर? गुडघ्यावर फाटलेली जीन्स घालून तो बँकेत निघाला असेल तर गप्प बसायचं का? नाही. पण "हे घालून गेलास तर कोण घेणार तुला?" हे वाक्य शर्टाबद्दल नसतं, मुलाबद्दल असतं, आणि मुलाला ते तसंच ऐकू जातं. त्याऐवजी पहिला प्रश्न पुन्हा विचारा: तिथली माणसं काय घालतात? त्याला स्वतःला माहीत नसेल तर काढू द्या. बाहेरून आलेल्या माहितीपुढे मुलं सहज मान तुकवतात, आपल्या हुकमापुढे तुकवत नाहीत. आणि माहिती काढूनही तो आपल्याला न आवडणारा रंग निवडत असेल, तर तो रंग आवडण्याची गरज आपल्याला नाही.

जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीची एक मराठी मुलगी या बाबतीत आपल्याला बरंच शिकवून जाते. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकायला गेल्या तेव्हा अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. परक्या देशात गेल्यावर वेश बदलणार का, हा त्या काळच्या आपल्या समाजाला पडलेला मोठा प्रश्न होता. त्यांनी अमेरिकन झगा घातला नाही. पण पोटऱ्या उघड्या राहणारं नऊवारी तिथल्या थंडीत आणि तिथल्या रीतीत अडचणीचं होऊ लागल्यावर त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. १८८५ साली त्या महाविद्यालयात काढलेल्या एका प्रसिद्ध फोटोत त्या, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली अशा तिघी आपापल्या देशाच्या वेशात बसलेल्या दिसतात. पुढच्या वर्षी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. जागा काय मागते आणि आपण काय सोडणार नाही, या दोन्हींचा मेळ त्या मुलीने घरापासून हजारो मैलांवर घातला होता. आपल्या मुलांना तो घरात बसून, आपण शेजारी असताना घालता येणार नाही का?

कारण विचार करा, आपण मुलाला पाठवतोय कुठे? जिथे त्याच्याकडून रोज निर्णय मागितले जातील तिथे. बँकेत कुणाला कर्ज द्यायचं, कारखान्यात कुठलं यंत्र थांबवायचं, वर्गात कुठल्या मुलाकडे आधी बघायचं. तो माणूस उद्या हे ठरवू शकतो, असा विश्वास त्याने तासाभरात अनोळखी लोकांना द्यायचा असतो. आणि त्याच माणसाला सकाळी घरात शर्टाचा रंगही ठरवता येत नाही, असं आपण त्याला वागवतो. हे दोन्ही एकाच अंगात घालून जाणं त्याला जड जाणारच. मुलाखत घेणाऱ्यांच्या नजरेला ते दिसतंही. स्वतः निवडलेल्या साध्या शर्टात मूल जितकं मोकळं बोलतं, तितकं आपण निवडलेल्या भारी शर्टात बोलत नाही.

शिवाय निवड झाली नाही, तर? हेही आजच ठरवून ठेवा. पहिल्याच मुलाखतीत काम होणाऱ्यांपेक्षा न होणाऱ्यांची संख्या मोठी असते. अशा वेळी "तरी मी म्हणत होते, तो निळा घाल" हे वाक्य जिभेवर आलं तर गिळून टाका. त्या वाक्यामुळे मूल कारण चुकीच्या जागी शोधतं. कुठल्या प्रश्नाला अडखळलं, कुठे ऐकून न घेता बोललं, हे तपासायचं सोडून ते नवा शर्ट घ्यायला निघतं. कपड्यांत खरंच काही खटकलं असेल, बूट चावले असतील, पदर सुटला असेल, तर तेही त्याचं त्यालाच सांगू द्या आणि पुढच्या वेळी त्यानेच दुरुस्त करू द्या.

तेव्हा या रविवारी एक करा. मुलाला किंवा मुलीला कपाट उघडायला सांगा आणि मुलाखतीला जे घालायचंय ते सगळं, मोज्यांपासून रुमालापर्यंत, पलंगावर मांडायला सांगा. मग तीनच प्रश्न विचारा. तिथली माणसं काय घालतात? हे घालून बसून-चालून बघितलंस का? काही झालं तर दुसरं काय? चौथा प्रश्न ओठांवर येईल, मला माहीत आहे, तो येऊ देऊ नका. तिन्हींची उत्तरं मिळाली की निघालेलं बटण लावून द्या, इस्त्री गरम करा आणि विषय बदला.